दगडाची पावती

पालिकेच्या नोटिशीत नुसतं 'संरक्षक भिंत' असं होतं.
कशाची, ते आमच्यावर सोडलेलं.

भांडुपच्या टेकडीला पाठ लावून आमची सोसायटी उभी,
आणि टेकडी दरसाल वीतभर पुढे सरकते.
आधी सोनटक्का घेतला तिनं,
मग सिमेंटचं बाकडं.
यंदा कढीपत्त्याची मुळं उघडी पडली
तेव्हा कुठे अख्खा तिसरा मजला हळहळला.

बागसमिती म्हणजे मी एकटी.
घोडबंदरच्या वखारीत भर उन्हात दोन तास फिरले.
जैसलमेरी पिवळा: नुकती हळद लागल्यासारखा,
बोट फिरवलं तर बोटालाही.
कडप्पा: जन्म ओट्यावर आडवा काढलेला,
उभ्यानं ओझं पेलायचं म्हटलं की पापुद्रे सोडतो.
जांभा पाहिला आणि चौथ्या मजल्यावरच्या गवाणकरांना फोन लावला.
ते गहिवरले. "आमच्या गडग्याचा चिरा तो,
वास घेऊन बघा."
घेतला. डिझेलचा आला.
कोपऱ्यात मालाड दगडाचा एकच तुकडा होता,
कुठल्याशा पाडलेल्या इमारतीचा,
मधाच्या रंगाचा, एका अंगाला अर्धं कोरलेलं पान.
किंमत विचारली.
परत ठेवला, पान वर करून.

लिंबाजी धोत्रे आला.
माझे नमुने जिन्याच्या पायरीवर ओळीनं मांडलेले,
त्यानं ते ओलांडले.
"पाणी कुठनं येतं ते दाखवा आधी.
दगड मागनं."
दाखवलं. तो उकिडवा बसून माती चोळत राहिला,
मग पंपाच्या खोलीमागे गेला
आणि बराच वेळ आलाच नाही.

तिथे घाणेरीच्या जाळीखाली ढीग होता,
इमारतीचा पाया खणताना निघालेला,
चाळीस वर्षं कुणी नाव न घेतलेला.
काळा, ओबडधोबड, एकाचं तोंड एकासारखं नाही.
त्यानं सुतकी मारली. टण्ण.
"जिता."
दुसऱ्यावर मारली. भद्द.
"ह्यो मेला. भरावाला टाका."

तीन दिवस मी खुर्ची टाकून ऐकत बसले.
तिसऱ्या दिवशी त्याच्याआधी म्हणाले, मेला!
त्यानं दगड नुसता कुशीवर वळवला, पुन्हा मारली.
टण्ण.
"मातीत रुतला हुता, बाई. दबलेला बोलत नाही."

भिंत सरळ उभी नाही केली त्यानं,
जराशी टेकडीकडे रेललेली,
दर चार हातांवर एक लांब दगड
आत टेकडीत खोल घुसवलेला,
पाठीमागे खडी, आणि पोटाशी भोकं.
गवाणकर गॅलरीतून ओरडले, नवी भिंत आणि तिला भोकं?
लिंबाजीनं वर पाहिलंही नाही.
"पाण्याला वाट दिली नाही तर ते भिंत मागतं."

एका दगडाला नळीसारखी अर्धी खाच होती,
सुरुंगाची. गुळगुळीत.
"माझा बाप हितंच भोकं पाडायचा," एवढंच म्हणाला,
आणि ती बाजू आत जाईल म्हणून मी गप्प राहिले.
त्यानं बाहेर ठेवली,
मुलांच्या कमरेच्या उंचीला.
आता येता-जाता प्रत्येक पोर तिथे बोट फिरवतं.

हिशेबाच्या दिवशी खजिनदार पालेकरबाईंनी चष्मा वर केला.
मजुरी, खडी, पाईप, चहा.
दगड: शून्य?
"पावती लागेल. ऑडिटर असं मानत नाही."
म्हणून मी पावतीबुक उघडलं.
मिळाला: काळा दगड, अंदाजे सहा ब्रास, जुना.
तारीख टाकली. घेणार म्हणून सही केली.
देणार
या शब्दापुढची रेघ
पालेकरबाई आणि मी, दोघी बघत बसलो.